भिंतीवरची गुलाबी वेल कापून का संपत नाही

चतुर्थीच्या तोंडावर घराभोवतालचे रान काढणे हा गोव्यातील घरोघरचा नेम आहे. पावसात माजलेले तण उपटले जाते, चिऱ्याच्या कुंपणावर चढलेल्या वेली कोयत्याने उतरवल्या जातात आणि हा सगळा हिरवा ढीग रस्त्याच्या कडेला, शेजारच्या रिकाम्या भूखंडात किंवा व्हाळाच्या काठावर नेऊन टाकला जातो. या ढिगात अनेकदा एक गुलाबी फुलांची नाजूक वेल असते. दिवाळीपर्यंत ती कुंपणावर पुन्हा दिसू लागते. पुढच्या पावसाळ्यात ती जिथे ढीग टाकला होता, तिथेही फुललेली असते. एका वेलीच्या दोन वेली होतात आणि त्या आपणच लावलेल्या असतात, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या वेलीला मराठीत आइस्क्रीम वेल म्हणतात. रोपवाटिकांत ती मेक्सिकन क्रीपर किंवा कोरल वेल या नावांनी मिळते. तिचे शास्त्रीय नाव अँटिगोनॉन लेप्टोपस. मूळची ती मेक्सिकोची. शोभेची वेल म्हणून उष्ण प्रदेशांतील देशोदेशी नेली गेली. फिलिपिन्समध्ये तिला ‘प्रेमाची साखळी’ अशा अर्थाच्या स्पॅनिश नावाने ओळखतात. नाव गोड आहे आणि वेलही देखणी आहे. पाणी घातले नाही तरी जगते, खत मागत नाही, मुरमाड जमिनीत वाढते आणि एका हंगामात भिंत झाकून टाकते. बागेसाठी ज्या गुणांमुळे तिची निवड होते, नेमक्या त्याच गुणांमुळे बागेबाहेर ती आवरत नाही.

परकी आणि आक्रमक यांतील फरक

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. बाहेरून आलेली प्रत्येक वनस्पती शत्रू नसते. काजू, मिरची, अननस, पपई, पेरू ही सारी अमेरिका खंडांतून आलेली आणि आज त्यांच्यावाचून गोव्याचे ताट व बाजार यांची कल्पनाही करता येत नाही. जी परकी वनस्पती लागवडीची मर्यादा ओलांडून स्वतःच्या बळावर पसरते आणि पसरताना स्थानिक वनस्पतींची जागा, प्रकाश व पाणी हिरावून घेते, तिलाच ‘आक्रमक’ म्हणतात.

अशा कित्येक वनस्पती शोभेच्या निमित्तानेच आल्या. डोंगरउतारांवर माजलेली घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे आणि कुंपणाचे झुडूप म्हणून भारतात आणली गेली. तळी व नद्या व्यापणारी जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी जगभर नेली गेली. जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या ‘आयपीबीईएस’ या आंतरसरकारी मंचाने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार माणसाने जगभरात सुमारे ३७,००० परक्या प्रजाती नव्या प्रदेशांत रुजवल्या असून त्यांपैकी ३,५०० हून अधिक अपायकारक ठरल्या आहेत. वनस्पती व प्राण्यांच्या प्रजाती नामशेष होण्याच्या नोंदलेल्या घटनांपैकी ६० टक्क्यांमध्ये आक्रमक परक्या प्रजातींचा एकट्याने किंवा इतर कारणांसोबत हात होता, असेही हा अहवाल सांगतो.

वेल ओळखावी कशी?

उपटण्याआधी ओळख पक्की हवी. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या आपल्या उपयोगी वेली अनेक आहेत आणि घाईत त्यांचाच बळी जाऊ शकतो. पुढील खुणा एकत्र पाहाव्यात.

पाने : हृदयाच्या आकाराची, टोकाकडे निमुळती आणि देठावर एकाआड एक येणारी. पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत नसून सुरकुतलेला असतो, शिरांचे जाळे ठसठशीत दिसते आणि कडा किंचित लाटांसारख्या असतात.

फुले : गडद किंवा फिकट गुलाबी, लहान आणि लांब तुऱ्यांत झुबक्याने येणारी. पांढऱ्या फुलांचा प्रकारही आढळतो. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती प्रत्यक्षात पाच रंगीत दले असतात. त्यांतील बाहेरची तीन मोठी असतात. फूल कोमेजल्यावरही ती गळत नाहीत. वाळून कागदासारखी होतात आणि आतल्या फळाभोवती आवरण बनून राहतात.

आकडे : ही सर्वांत भरवशाची खूण. फुलांच्या तुऱ्याचे टोक पुढे बारीक, फाटे फुटलेल्या ताणांत संपते. या ताणांच्या आधाराने वेल तार, फांदी, गज, जे सापडेल त्याला पकडून वर चढते. फुले व ताणे एकाच दांड्यावर दिसली, की शंकेला फारशी जागा उरत नाही.

फळ : सुमारे सेंटिमीटरभर लांबीचे, तपकिरी आणि तीन धारांचे. उपवासाला वापरल्या जाणाऱ्या कुट्टूचा दाणाही असाच तिधारी असतो. हा योगायोग नव्हे, दोन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत.

आता तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेली. गुळवेलीचे पानही हृदयाकृती असते. पण ते गुळगुळीत असते, खोड मांसल व गाठाळ असून त्यावर पातळ पापुद्रा सुटतो आणि तिला ताणे नसतात. कारांद्याच्या पानात ठळक शिरा देठापासून निघून कमानीसारख्या टोकाकडे जातात आणि पानांच्या बगलेत खडबडीत कांदे लटकतात. नागवेल आणि मिरवेल यांची पाने जाड व तकतकीत असतात आणि त्या पेऱ्यांवरील मुळांनी आधाराला चिकटतात. मिकानिया नावाची आणखी एक आक्रमक वेल आहे. तिची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि फुले बारीक, पांढुरकी असतात. बोगनवेलीचा रंग दुरून फसवतो. परंतु तिला काटे असतात आणि आकडे नसतात.

खरी वेल जमिनीखाली

कोयत्याने छाटलेली वेल परत का येते, याचे उत्तर जमिनीखाली आहे. वेलीच्या मुळांवर कंद तयार होतात. त्यांत अन्न व पाणी साठवलेले असते. कडक उन्हाळ्यात पाने झडली, वेल पूर्ण सुकल्यासारखी दिसली, वणव्यात वरचा भाग जळून गेला, तरी कंद जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर नवे कोंब वर पाठवतात. छाटणी म्हणजे या वनस्पतीच्या दृष्टीने आणखी एक उन्हाळा होय. तिच्या मूळ प्रदेशात दीर्घ कोरडा काळ असतो; तो सोसण्याची सोय तिच्यात जन्मजात आहे.

एका वेलीखाली एकच कंद असतो असेही नाही. जुन्या वेलीखाली लहानमोठे अनेक कंद असतात आणि काही बरेच खोल गेलेले असतात. खणताना एखादा तुटला, तर राहिलेला तुकडाही फुटू शकतो. खोडाची कांडी ओल्या मातीत पडली, तर तीही मूळ धरू शकते.

याखेरीज बी आहेच. कागदी आवरणामुळे फळ पाण्यावर तरंगते. पावसाळ्यात गटार, व्हाळ आणि नदी असा त्याचा प्रवास सहज होतो. पक्षी व डुकरे यांच्यामार्फतही बी पसरते. परंतु एका वाडीतून दुसऱ्या वाडीत वेल नेणारा सर्वांत कार्यक्षम वाहक माणूसच आहे. कंद राहिलेली माती भरावासाठी नेणे, छाटलेल्या वेलींचा ढीग ओढ्याकाठी टाकणे, ‘किती सुंदर आहे’ म्हणून फांदी मागून नेणे, हे सारे त्याचेच प्रकार.

नुकसान कोणते?

ही वेल विषारी नाही आणि काटेरीही नाही. तिचे नुकसान सावकाश आणि शांतपणे होते. दहा-बारा मीटर उंच जाणारी ही वेल झुडुपांवर व लहान झाडांवर पानांचे दाट पांघरूण घालते. खालच्या झाडांना प्रकाश मिळेनासा होतो, त्यांची नवी रोपे उगवून वर येत नाहीत आणि काही वर्षांत कडेच्या विविधरंगी रानाच्या जागी एकच गुलाबी पडदा उरतो.

याची उदाहरणे जगात आहेत. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर ती उपद्रवी वेल म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तिचा समावेश आक्रमक वनस्पतींच्या यादीतील दुसऱ्या वर्गात आहे. कॅरिबियन समुद्रातील सेंट युस्टेशियस या अवघ्या २१ चौरस किलोमीटरांच्या बेटावर तर पडीक शेतजमिनींवर व उतारांवर ती इतकी पसरली आहे, की तिचे नियंत्रण हा तेथील निसर्गसंवर्धनाचा एक प्रमुख प्रश्न झाला आहे. लागवड थांबलेल्या जमिनी, मोडकळीस आलेल्या भिंती आणि त्यांवर चढणारी वेल हे चित्र गोव्याला अनोळखी नाही. आपल्याकडेही बंद पडलेली घरे आणि वारसांच्या वादात अडकलेली भाटे अशा वेलींना मोकळी मिळतात.

आपल्यासाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधल्या जाणाऱ्या माटोळीतील रानफळे व रानफुले अभयारण्याच्या गाभ्यातून आणली जात नाहीत. ती गावाच्या कडेच्या झुडुपांतून, कुंपणांवरून, डोंगराच्या पायथ्याच्या रानातून येतात. मालकांगणीचे घोस आणि कळलावीची ज्वालेसारखी फुले अशाच जागी मिळतात. आइस्क्रीम वेल बागेतून निसटून प्रथम पोहोचते ती याच कडेच्या रानात. माटोळीची माहिती असलेली जुनी माणसे कमी होत आहेत, ही खंत आपण नेहमी ऐकतो. ज्या जागी ती झाडे-वेली उगवतात त्या जागाही राखायला हव्यात.

मधमाश्यांचे काय?

या वेलीच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो खरा आहे. मधमाश्या तिच्या फुलांवर मोठ्या संख्येने येतात. मधपेट्या ठेवणारे तिला यासाठीच जपतात. म्हणून वेल काढायची असेल, तर तिच्या जागी दुसरी फुले देण्याची जबाबदारीही आपण घ्यावी. एकच वेल वर्षभर मध पुरवते म्हणून बाकीची फुले नाहीशी होऊ देणे मात्र मधमाश्यांच्याही हिताचे नाही. त्यांना वेगवेगळ्या ऋतूंतील वेगवेगळ्या वनस्पतींचा पराग लागतो.

नियंत्रण : क्रम महत्त्वाचा

पहिली गोष्ट, वेळ. पहिले काही पाऊस पडून गेल्यावर, जून-जुलैत माती मऊ होते आणि कोवळ्या कोंबांमुळे कंद नेमके कुठे आहेत ते कळते. खणण्यासाठी हा सर्वांत सोयीचा काळ. फुले आली असतील, तर बी धरण्यापूर्वी निदान तुरे तरी काढून टाकावेत.

दुसरी, तयारी. दाट वेलीखाली हात घालण्यापूर्वी काठीने आपटून पाहावे. चिऱ्याच्या भिंतींच्या फटींत आणि पालापाचोळ्यात फुरसे, घोणस यांसारखे विषारी साप असू शकतात. पायांत उंच बूट आणि हातांत जाड मोजे आवश्यक आहेत.

तिसरी, छाटणी व खणणी. वेल जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावी, म्हणजे बुंधा हाताला लागतो आणि तो धरून मुळाचा माग काढता येतो. झाडावर चढलेला वरचा भाग ओढून काढण्याची घाई करू नये. ओढल्याने झाडाच्या फांद्या मोडतात. तो जागीच सुकू द्यावा. मात्र त्यावर फळे धरली असतील, तर ती आधी खुडून घ्यावीत. मग बुंध्याभोवती कुदळीने रुंद खणत कंद अखंड निघेल असे पाहावे. कंद भिंतीच्या पायात गेला असेल, तर चिरे हलवून भिंत खिळखिळी करण्याऐवजी पुढचा उपाय बरा.

चौथी, उपासमार. जिथे कंद पूर्ण निघत नाही, तिथे त्याला उपाशी ठेवावे लागते. पानांनी तयार केलेले अन्नच कंदात साठते. नवा कोंब दिसला, की पाने मोठी होण्याआधी तो खुडावा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि नंतर महिन्यातून एकदा फेरी मारावी. प्रत्येक कोंबाबरोबर कंदाची शिल्लक कमी होत जाते. मोकळ्या जमिनीवर जाड काळी ताडपत्री घट्ट अंथरूनही हाच परिणाम साधता येतो. हे काम एका हंगामात संपत नाही. दोन-तीन पावसाळे चिकाटी ठेवण्याची तयारी असावी. वर्षातून एकदाच केलेल्या मोठ्या साफसफाईपेक्षा ही छोटी छोटी खुडणी अधिक गुणकारी ठरते.

पाचवी, विल्हेवाट. येथेच बहुतेकांची चूक होते. कंद आणि ताज्या कांड्या कंपोस्टच्या खड्ड्यात, शेतात किंवा ओढ्याकाठी टाकू नयेत. ऊन असेल, तर त्या सिमेंटच्या ओट्यावर किंवा पत्र्यावर पसरून पूर्ण वाळवाव्यात. पावसात ते शक्य नसल्याने काळ्या प्लास्टिक पिशवीत बांधून, मातीशी संबंध येणार नाही अशा जागी त्या पूर्ण कुजेपर्यंत ठेवाव्यात. फळे धरलेले तुरे वेगळे काढावेत. खणलेली माती दुसरीकडे नेऊ नये.

तणनाशकांबाबत सावधगिरी हवी. पानांवर फवारल्याने वेल वरून करपते. पण मोठा कंद बहुधा वाचतो आणि त्याच वेळी आसपासची झाडे मात्र मरतात. विहीर, व्हाळ, कुळागर किंवा भाजीचा मळा जवळ असेल, तर घरच्या घरी असा प्रयोग मुळीच करू नये. प्रादुर्भाव फार मोठा असेल, तर विभागीय कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा. वेल विजेच्या खांबावर किंवा तारांवर चढली असेल, तर तिला हात न लावता वीज खात्याला कळवावे.

एका घराने वेल काढली आणि शेजारच्या बंद घरावर ती तशीच राहिली, तर श्रम वाया जातात. म्हणून हे काम वाड्याने मिळून करावे. पंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी एखादी फेरी काढून वेलीच्या जागा नोंदवल्या, तरी कामाला दिशा मिळेल. पसरू लागलेला लहान ठिपका एका सकाळी काढता येतो. दुर्लक्षित उतार वर्षानुवर्षे पुरतो.

तिच्या जागी काय लावावे?

भिंत रिकामी राहिली, तर तिथे दुसरे तण येते. आपल्याकडे देखण्या वेलींची उणीव नाही. पश्चिम घाटातील कुसर म्हणजे रानमोगरा उन्हाळ्यात सुवासिक पांढऱ्या फुलांनी भरून जातो. मोरवेल पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांनी कुंपण सजवते. कळलावी पावसाळ्यात लक्ष वेधून घेते. मात्र तिचे सर्व भाग, विशेषतः कंद, विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी ती टाळावी. पावसाळ्यात मांडवावर दोडकी, घोसाळी, तवशी चढवण्याची जुनी रीत तर सर्वांत उत्तम. त्यांच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि घरात भाजीही येते.

मात्र स्थानिक वेल ही स्थानिक जागीच शोभते, हेही ध्यानात ठेवायला हवे. आपल्या रानांत वाढणारी हळदवेल, म्हणजेच माधवीलता, ही भारतीय साहित्याची जुनी लाडकी वेल. तिच्या तीन पंखांच्या फळांमुळे बी वाऱ्यावर भिरभिरत दूर जाते. हीच वेल शोभेसाठी मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर नेली गेली आणि तेथे तिने जंगलांवर असे पांघरूण घातले, की जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत तिचे नाव आले. आइस्क्रीम वेल त्या यादीत नाही. आपली माधवी आहे. दोष वेलीचा नसतो. जिला आवर घालणारे कीटक, रोग आणि स्पर्धक मूळ ठिकाणी मागे राहिले, अशी वनस्पती नव्या जागी आणून सोडणाऱ्याची ती जबाबदारी असते.

म्हणून यंदाच्या साफसफाईत कोयत्याबरोबर कुदळही हाती घ्यावी आणि ढीग उचलून व्हाळाकडे नेण्यापूर्वी त्यात गुलाबी तुरे आहेत का, एवढे पाहावे. असतील, तर तो ढीग आपल्याच अंगणात वाळू द्यावा किंवा पिशवीत बंद करावा. वेल पसरण्याची साखळी तिथे तुटते आणि त्यासाठी कोणत्याही योजनेची किंवा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.